पाठ

कोळसा संपला तेव्हा नाही,
त्यानंतर पुष्कळ वर्षांनी बंद झालं हे चर्च.
पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरातून आधी माणसं गेली,
मग बँक, मग शाळा,
आणि शेवटी दाराला बिशपच्या सहीचा एक कागद चिकटवून
देव.

कुलूप उघडलं त्या दिवशी मी शिडी घेऊन उभा होतो.
माझं काम लाकडाचं, श्रद्धेचं नाही,
हे मी फादर किलियनला आधीच सांगून टाकलं.
तो म्हणाला, शिडी धर.
आणि झगा कमरेला खोचून
स्वतःच वर चढला.

खोटं छत आधी काढलं.
गरम हवा वर जाऊ नये म्हणून
कुणा शहाण्याने ठोकलेलं, पुठ्ठ्याचं, पांढरं.
एकेक चौकोन सुटला तशी
कबुतरांची पिसं पडली, एक गंजकी पक्कड पडली,
आणि पन्नास वर्षांच्या अंधारावर
निळा रंग निघाला. वर्ख उडालेले तारे.
एकशे अठरा. मोजले मी,
प्रत्येकाचं वेगळं बिल लावायचं होतं.

मग गालिचा. त्याखालचा गोंद
तीन आठवडे खरवडला, गुडघ्यांवर.
आईने पाहिलं असतं तर गैरसमज झाला असता तिचा.

वेदीपुढचा कठडा मात्र नव्हता.
कागदोपत्री कुठेच नाही.
अल्डोना म्हणाली, व्हिंकासच्या बारमध्ये बघा,
आमचे सगळे नवरे त्याच्यावर कोपर टेकून म्हातारे झाले.
खरंच होता. ओकचा, बत्तीस फुटी,
बिअरच्या नळांखाली.
व्हिंकासच्या नातवाने पैसे घेतले नाहीत,
फक्त विचारलं, सिगारेटचे डाग चालतील?
मी पॉलिश पेपर काढला.
फादर म्हणाला, राहू दे.

सगळ्यांना आवडत होतं असं नाही.
अल्डोनाची मुलगी रेजिना भर अंगणात भांडली:
एवढ्या कष्टाने आपल्या बोलीत आणला होता देवाला,
आता पुन्हा लॅटिन?
आई, ज्या भाषेत तुला बटाटे मागता येत नाहीत
त्या भाषेत काय बोलणार आहेस त्याच्याशी?
अठ्ठ्याऐंशीची अल्डोना
मेणबत्तीचं मेण नखाने काढत म्हणाली,
बटाटे नकोच आहेत मला त्याच्याकडून.

पहिली मिस्सा नोव्हेंबरात.
बॉयलर अजून आला नव्हता.
चाळीस माणसं, चाळीस वाफा.
मी मागच्या बाकावर, हत्यारांची पेटी पायाशी,
काही निखळलंच तर असावी म्हणून.
फादर वेदीपाशी गेला
आणि आमच्याकडे पाठ केली.

रेजिना उठून जाईल असं वाटलं. ती बसून राहिली, हात बांधून.

पुढे काय पुटपुटलं गेलं मला कळलं नाही.
एवढंच कळलं की घंटेपाशी बसलेला पोरगा,
डिकन त्याचं नाव, बारा वर्षांचा,
उत्तर देता देता अडकला.
थंडीत शांतता फार मोठी होते.
फादर वळला नाही. थांबला.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून,
कुणी दळणाचा निरोप द्यावा तितक्या साध्या आवाजात
अल्डोनाने ती ओळ पुरी केली.
मग पुढची. मग तिच्यापुढची.

तिचा भाऊ स्टॅसिस घंटा वाजवायचा इथे.
मुलींना वेदीपाशी मज्जाव होता,
म्हणून रात्री चुलीजवळ
ती हातात कार्ड धरून त्याच्याकडून घोकून घ्यायची.
एकोणिसाव्या वर्षी तो खाली गेला, चार नंबरच्या खाणीत,
आणि वर आलं ते फक्त त्याचं जेवणाचं डबडं.
अर्थ तिला कधीच कुणी सांगितला नाही.
पाठ होतं.

डिकन तिच्या मागोमाग म्हणू लागला,
अर्ध्या अक्षराने उशिरा.

नंतर सगळे कठड्याशी आले.
अल्डोना गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात लाकडावर,
एका काळ्या डागाच्या दोन बाजूंना.
डावीकडचा सांधा करकरला.
तो माझाच होता. मी श्वास धरला.

टिकला.
सोमवारी येऊन एक खुंटी मारायला हवी.